वीस अँपिअरचा हट्ट

४ मे १९८७, कॉव्हेंट्री

पुन्हा जळलं! आमच्या जुन्या गाडीचं तिसरं सॉलेनॉइड! सिरिल म्हणतो, "हल्ली मालच भिकार." नवरा चुकत नसतो – चुकतो तो माल! आणि ते जळकं धूड आणून ठेवलं कुठे, तर माझ्या जेवणाच्या टेबलावर. करपलेल्या वार्निशचा वास अजून जात नाही.

५ मे

शांतपणे समजावलं. ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे त्या जादा वेगाच्या गिअरचं, बटण दाबलं की सॉलेनॉइडमधली मोठी कॉइल दांडा आत ओढते. वीस अँपिअर खाते, पण क्षणभरच. दांडा पुरता आत गेला की ती बंद पडते आणि छोटी कॉइल त्याला नुसती धरून ठेवते, जेमतेम एका अँपिअरवर. आपल्या गाडीतला अँपिअरचा काटा विसावरच बसतो – म्हणजे दांडा पुरता आत जातच नाही. दांड्याच्या टोकाची तरफ नीट लाव!

"तू मला शिकवू नकोस, एनिड."

युद्धात कारखान्यात कॉइली कोण गुंडाळत होतं, तू की मी? – बोलले नाही. दार आपटलं.

६ मे

त्यानं चौथं सॉलेनॉइड बसवलं आणि मोठा फ्यूज घातला. आता फ्यूज शाबूत, वायर वितळली. वा!

९ मे

जुन्या गाड्यांच्या क्लबातला हॉरेस चहाला आला होता. "अरे, एकदा तरी बायकोचं ऐक. उद्या वेल्सला निघायचंय आपल्याला."

सिरिल भडकला. "वायर नवी टाकलीय! तरफेचं भोक पेटीवरच्या भोकाशी बरोबर जुळलंय! स्वतः बघितलंय मी!"

तो हॉरेसला पोचवायला गेला, तशी मी विजेरी घेऊन गाडीखाली शिरले. कुठलं भोक नि कुठलं काय! बोटभर फरक. इतका अडाणीपणा? चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचा? तरफ सैल केली, जुळवली, आवळली. बाहेर येऊन किल्ली फिरवली, बटण दाबलं. काटा विसावर उडाला – आणि खटकन एकावर आला! त्याला सांगितलं नाही. खुशाल मिरवू दे.

१० मे

ओव्हरड्राइव्ह झकास लागला. सिरिल शीळ घालत होता. केनिलवर्थ गावात रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर एक बाई बाबागाडी घेऊन उतरली, तरी यानं वेग कमी केला नाही. मी हँडब्रेक खेचला. बाबागाडीपासून हातभर अंतरावर थांबलो.

किंचाळले, "दिसत नाही का तुला?"

त्यानं स्टिअरिंग सोडलं. "नाही, एनिड."