नाचणाऱ्या मुळ्याबद्दल खुलासा

लुकांग, रविवार, २६ ऑक्टोबर

आत्या,

तुला आणि आतोबांना शिन-रूचा वाकून नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे हे विचारण्याआधी एक चूक दुरुस्त करते, कारण पत्रात चूक आधी आणि बातमी नंतर, हा आजोबांचा नियम तुलाही माहीत आहे (शाळेच्या वसतिगृहातून तू पाठवलेली पत्रं ते लाल पेन्सिलीने सुधारून तुलाच परत पाठवायचे, असं आजी सांगते). सप्टेंबरातल्या पत्रात मी लिहिलं होतं, की आजोबांचा मोबाईल मी बंद केला आणि आजी आता सावरली आहे. या एका वाक्यात दोन चुका आहेत. मोबाईल मी बंद केला नव्हता. बॅटरी संपून तो आपला आपण बंद पडला होता आणि त्याच संध्याकाळी मी तो पुन्हा चार्जिंगला लावला. आजी सावरली होती हे खरं, पण कशामुळे, ते मी लिहिलं नाही. ते आज लिहिते. बसून वाच.

आता गुडघा. सूज उतरली का? जिन्यावरून उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकायचा, हे मी तीन ठिकाणी वाचून मग लिहिते आहे. आजीची तब्येत ठीक आहे. सकाळी पेज दोन वाट्या, रक्तदाब एकशेचौतीस. माझी झोप कमी झाली आहे, पण ती माझीच करणी.

हे सगळं मोबाईलवरून कळवता आलं असतं असं तू म्हणशील. आलं असतं. पण गेल्या महिन्याभरात मी इतक्या वेळा चुकीच्या जागी बोट ठेवलं आहे, की आता कुठलीही कळ दाबताना घाम येतो. कागदावर निदान शाई तिथेच उमटते जिथे पेन टेकवलं.

तुला माहीत आहे, मला अक्षरओळख आजोबांच्या दुकानात झाली. आई-बाबा नोकरीसाठी ताइचुंगला, मी इथे, आणि दुरुस्तीला आलेल्या पंख्यांची आणि भाताच्या कुकरांची माहितीपत्रकं हीच माझी अंकलिपी. 'ओल्या हाताने स्पर्श करू नये' हे मला स्वतःच्या नावाआधी लिहिता येत होतं. यंत्र आधी वाचायचं, मग त्याला हात लावायचा, असं आजोबांचं म्हणणं. त्याचा परिणाम असा झाला आहे, की सगळं जग जिथे न वाचता 'मान्य आहे' वर बोट ठेवून पुढे जातं, तिथे मी पान एकपासून सुरुवात करते. टॅबलेट घेतला तेव्हा त्याच्या अटी वाचण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. (अठराव्या पानावर एक वाक्य दोनदा आलं आहे. मी कळवलं. उत्तर नाही.) एवढं वाचूनही पुढचं घडलंच, म्हणून मी आता कुणाला काही वाचायचा आग्रह करत नाही.

टॅबलेट घेतला तो आजोबांच्या फोटोंसाठी. त्यांच्या मोबाईलमध्ये नऊ हजारांवर फोटो आहेत. आपल्या माणसांचे त्रेचाळीस. बाकी सगळे उघडलेल्या यंत्रांच्या पोटांचे, कुठला स्क्रू कुठला हे लक्षात राहावं म्हणून काढलेले. (त्रेचाळिसांपैकी एकात तू आहेस, पण मागे. पुढे मिक्सर आहे.) पासवर्ड शोधावा लागला नाही. मोबाईलच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांच्या बारीक अक्षरात नंबर आणि पासवर्ड, जसं ते गिऱ्हाइकाच्या पंख्यावर नाव लिहायचे तसं. मी फोटो हलवायला घेतले, आणि कुणाकुणाला पाठवलेले फोटोही राहू नयेत म्हणून त्यांचं संदेशांचं खातं माझ्या टॅबलेटवर उघडलं. फोटो सगळ्यात जास्त आजीला पाठवलेले, म्हणून आजीबरोबरचं त्यांचं बोलणं समोर उघडं होतं. ते तसंच उघडं राहिलं. इथे माझी चूक सुरू होते.

त्याच सुमाराला आजोबांना जाऊन एकोणपन्नासावा दिवस आला. तुझ्या गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सांगते: त्यांना पोचावं म्हणून जाळायचं घर सुंदर झालं होतं, कागदाचं, दुमजली, अंगणात मोटार, दारात नोकर. आजीने वेगळा कागदी मोबाईलही घेतला होता. दुकानदारीण चार्जर, इअरफोन असा सगळा संच घ्या म्हणत होती. आजी म्हणाली, ह्यांना गाणी ऐकायची सवय नाही, आणि एवढ्या मोठ्या घरात चार्जर कुठेतरी असेलच. मग घरी येऊन तिने चष्मा लावला, कागदी मोबाईलच्या पाठीवर चिकटपट्टी लावली, आणि तिच्यावर आजोबांचा नंबर आणि पासवर्ड लिहिला. नंबर बदलला तर ह्यांना पाठ होणार नाही, म्हणाली. मग जाळला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी पावणेएकला ती स्वतःच्या मोबाईलशी बोलली आणि मोबाईलने ते लिहून आजोबांच्या नंबरवर पाठवलं: 'म्हाताऱ्या, पोचलास का?' मी ऑफिसात डबा खात होते. टॅबलेट समोर, ते बोलणं उघडं. संदेश माझ्या डोळ्यांसमोर उमटला आणि तिकडे आजीच्या मोबाईलवर त्याच्याखाली 'वाचलं' अशी खूण आली.

मला वाटलं होतं ती घाबरेल किंवा रडेल. मी संध्याकाळी धावत घरी आले तर ती कोबी चिरत होती. मला मोबाईल दाखवला आणि म्हणाली, "वाचलंय, आणि उत्तर नाही. चोपन्न वर्षं हेच चाललंय." पण त्या रात्री ती दोन वाट्या जेवली, कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा. मी तुला पत्र लिहिलं ते त्या रात्री. ती सावरली आहे, असं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर टॅबलेटवरचं ते बोलणं बंद केलं, कारण दुसऱ्याचं पत्र वाचणं वाईट (आणि इथे तर पत्र ज्याला लिहिलं तोही दुसराच). बारा दिवस खूण आली नाही. आजीने नऊ संदेश पाठवले. जेवण पुन्हा अर्ध्या वाटीवर. मग एक दिवस मला ऑफिसात तिचा फोन: ह्यांच्या मोबाईलला पिन कुठली लागते, चपटी की गोल? ती जाळायच्या कागदी वस्तूंच्या दुकानात उभी होती. तिचा निष्कर्ष असा, की चार्जर घ्यायला हवा होता. ती दुकानदारीण बरोबर होती, आपणच चिकटपणा केला. मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं, चपटी.

पौर्णिमेला अंगणातल्या डब्यात कागदी चार्जर जाळला. राख वर गेली ती बघत आजी उभी राहिली, मोबाईल हातात घेऊन. आत्या, मी स्वयंपाकघरात गेले आणि ते बोलणं उघडलं. फोटो सगळे आलेत का एवढंच बघायचं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. फोटो केव्हाच आले होते. बाहेरून आजीचा आवाज आला, शेजारच्या तिंगकाकूंना सांगत होती: "बघ, चार्जिंगच संपलं होतं."

तेव्हापासून मी रोज पावणेएकला, जेवताना, उघडते. रोज एकदाच, नियमाने. त्यावरून आजीने आजोबांचं तिकडचं वेळापत्रक बसवलं आहे: जेवून मग वाचतात, म्हणजे जेवण वेळेवर मिळतंय. तिंगकाकूंनी विचारलं, की आमच्या ह्यांनाही दोन शब्द सांगायला सांगाल का, तर आजी म्हणाली, "बायकोला उत्तर देत नाही तो माणूस, तुझे निरोप कुठे पोचवतोय." तेवढ्यावर माझी सुटका झाली.

पण मला ते संदेश दिसत होते. डोळे मिटून ते बोलणं उघडायचा प्रयत्न केला. तसं करताना दोनदा तुझ्या भावाला, म्हणजे बाबांना, आजोबांच्या नावाने फोन लागला. (बाबांनी उचलला नाही. अनोळखी नंबर समजले असतील, पण तो तर त्यांच्या वडिलांचा नंबर आहे. त्या दिवसापासून बाबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, आणि मीही नाही.) मग कुठेतरी वाचलं, की बोलण्याच्या नावावर बोट दाबून धरलं, की खूण न उमटता आतला मजकूर दिसतो. मी उलट शोधत होते, मजकूर न दिसता खूण उमटण्याची युक्ती. तशी कुठेच नाही. एवढी गरज दुसऱ्या कुणाला पडलेली दिसत नाही.

आता चौदा ऑक्टोबर. तू आजीला तुझ्याकडे ह्वालिएनला कायमची राहायला ये म्हणून विचारलं होतंस, आणि ती, ह्यांना विचारून सांगते, म्हणाली होती. तुला वाटलं असेल ती देवघरापुढे विचारेल. तिने पावणेएकला विचारलं: 'मेइ-चू बोलावतेय. जाऊ का?' मी वाचलं, घास घशात अडकला, खोकले, आणि खोकताना बोट टेकलं. संदेशांत पाठवायची विकतची हलती चित्रं आजोबांनी कधी घेतली नव्हती. त्यांच्याकडे एकच फुकटचं होतं. नाचणारा मुळा. तो गेला.

पाठवलेलं मागे घेता येतं. पण मागे घेतलं तर तिथे 'संदेश मागे घेतला' असं दिसतं, आणि गेलेल्या माणसाने शब्द मागे घेतला हे मुळ्यापेक्षा वाईट की बरं, हे मला ठरवता येईना. म्हणून मी मदतीची पानं आधी पूर्ण वाचली. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात आजीने चष्मा शोधून, मुळा पाहून, तुला फोन करून होकार दिला होता. मुळा म्हणजे शुभ, त्यात नाचणारा. याहून स्पष्ट आजोबा आयुष्यात कधी बोलले नव्हते, असं तिचं मत.

तू खोलीला फिकट पिवळा रंग दिलास आणि न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेस, त्याचे फोटो मी पाहिले. फार छान दिसतंय. म्हणूनच मला हे लिहायला बारा दिवस लागले.

कुणाला सांगावं कळेना म्हणून मी आजोबांनाच विचारलं. देवघरासमोर कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकले. दोन्ही सपाट बाजूंनी वर. म्हणजे आजोबा नुसते हसले, हो नाही की नाही नाही. पुन्हा टाकले, हसले. तिसऱ्यांदाही हसले. तिंगकाकू म्हणाल्या, असं तेव्हा होतं जेव्हा प्रश्न नीट विचारलेला नसतो. ते खरं असेल. माझ्या प्रश्नात चार पोटप्रश्न होते.

एक अडचण सांगायची राहिली. ही कबुली दिली तर आजी कदाचित इथेच राहील, माझ्याजवळ, आणि ते मला हवं आहे. मुळ्यात माझा स्वार्थ नव्हता. या पत्रात आहे. म्हणजे मी खोटं केलं तेव्हा निर्मळ होते आणि खरं सांगतेय तेव्हा नाही. तू हे पत्र स्वार्थी माणसाचं समजून वाच, पण वाच.

आतोबांना सांग, पाठवलेला सुका मासा मिळाला.

तुझी,
शिन-रू

ता. क. खरं तर हे विचारण्यासाठीच लिहिलं. बारा नोव्हेंबरला, बुधवारी, शंभरावा दिवस आहे. तू आदल्या दिवशी येशील का? मी त्या सकाळी, कागद जाळायच्या आधी, आजीला सगळं सांगेन, आणि मग तू तिला समोर बसून पुन्हा विचार, येतेस का म्हणून. तोंडाने. मी अंगणात थांबेन. रंग पुसू नकोस.

ता. क. २. पाकीट बंद केलं होतं, फाडून पुन्हा लिहिते. आज रविवार, मी घरी. पावणेएकला आम्ही दोघी जेवत होतो, टॅबलेट माझ्या मांडीवर, टेबलाखाली. आजी एका हाताने मोबाईलशी बोलत होती, मी ऐकत नव्हते, कारण ऐकायचं नाही असं ठरवलं आहे. संदेश उमटला: 'म्हाताऱ्या, त्या पोरीला सांग, टेबलाखाली काय बघतेस, आमटी गार होतेय.' मी मान वर केली. आजी खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट माझ्या ताटात वाढत होती.

आत्या, मी तेव्हापासून एकच हिशेब पुन्हा पुन्हा करते आहे. तिला कधीपासून माहीत आहे ते मला कळत नाही. पण चौदा तारखेला माहीत असेल, तर तिला हेही माहीत होतं, की मुळा आजोबांनी पाठवला नाही, मी पाठवला. जाऊ का, असं तिने विचारलं, आणि मी नाचत हो म्हटलं. ती त्यावर तुझ्याकडे निघाली आहे. तिला वाटतंय, तिने जावं असंच मला हवं आहे.

म्हणून वरची बारा नोव्हेंबर मी खोडते आहे (एकच रेघ मारून, खालचं वाचता येईल अशी, आजोबांच्या पद्धतीने). हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा आजीला सगळं सांगून झालेलं असेल. मोबाईल आणि टॅबलेट दोन्ही दुसऱ्या खोलीत ठेवून, पेज गरम असताना, उद्या सकाळी: सोमवार, २७ ऑक्टोबर.