काळ्या रंगाची बचत

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा वाकून).

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? आणि तुझ्या मागच्या खोलीचं दार अजून आपटतं का गं? सहज विचारलं. वारा फार सुटलाय म्हणे तुमच्याकडे.

इकडे मी निवृत्तीनंतर अगदी सुखात आहे, म्हणजे परवापर्यंत होतो. त्याचं असं झालं, की आमच्या बस डेपोचे जुने कॅशियर (जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजल्यामुळे त्यांना पैशांबद्दल मतं आहेत) बागेतल्या बाकावर मला म्हणाले, म्हातारपणाची सगळी पुंजी एका बँकेच्या भरवशावर ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. थोडी ठेव, थोडं सोनं, थोडी चांदी असं वाटून ठेवावं, एक बुडालं तर दुसरं तारतं. मला पटलं. (बाकावर बसून ऐकलेलं मला नेहमीच पटतं.) आधी सोन्याचं नाणं आणलं. ते हिने पाहिलं आणि त्याचे कानातले झाले. आता ते रोज डोळ्यांसमोर असतात, पण मोडायचे म्हटले तर आधी संसार मोडेल.

म्हणून चांदीची वीट आणली ती गुपचूप. आता मी पडलो जन्मभर बसगाड्या रंगवलेला माणूस. चकाकणारी वस्तू तशीच उघडी ठेवणं माझ्या हाताला जमत नाही. आधी प्रायमर, मग काळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि माझ्या लोकरी मफलरात गुंडाळून वीट माळ्यावर साठलेल्या तशाच काळ्या लोखंडी तुकड्यांत ठेवून दिली. चोर काय, विकणाऱ्या सराफानेही ती ओळखली नसती. परवा चांदीचा भाव चढल्याचं कळलं म्हणून मीही माळ्यावर चढलो, तर मफलर आहे, वीट नाही! तुकड्यांत घसरली असेल म्हणून एकेक तुकडा ब्लेडने खरवडला. सगळं अस्सल लोखंड, ताई! मग घरातली इस्त्री खरवडली, शिलाई मशीनचं पायडल खरवडलं, शेवटी खालच्या डॉक्टरांच्या फाटकाचा अडसरही खरवडला. डॉक्टरीणबाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि हिला एका मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता दिला. (फी निम्मी करून देणार आहेत. माणसं चांगली आहेत.) मी हिला सांगितलं, गंज शोधतोय. ही नुसती फ्रिज पुसत राहिली.

ताई, थट्टा बाजूला ठेवतो. मला झोप नाही. हात थरथरायला लागल्यावर दोघांनाही कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढ्यासाठी ती वीट होती.

असो. माझी काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. मागच्या खेपेला तू आलीस, तेव्हा दार आपटू नये म्हणून त्याला लावायला हिने तुला माळ्यावरचा एक काळा तुकडा दिला होता, असं आज बोलण्यात आलं. त्याला रंगाचा तिसरा हात द्यायचा राहिलाय. (मी अर्धवट काम कधी ठेवत नाही, तुला ठाऊकच आहे.) कुणाबरोबर पाठवू नकोस, रविवारी मीच येतो. तोवर तो उशाखाली ठेव.

आणखी ता. क. खरवडू नकोस. खरवडलाच असशील, तर निदान दाजींना सांगू नकोस.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली चार ओळी लिहिते. तुमच्या दाराला आहे ते लोखंडच आहे, खुशाल आपटा. माळा झाडताना एका तुकड्याला ह्यांचा मफलर गुंडाळलेला दिसला. लोखंडाला कधी थंडी वाजते का? तेव्हाच ओळखलं आणि वीट आमच्या फ्रिजच्या पायाखाली सरकवली. इतकी वर्षं डुगडुगत होता, आता हलत नाही. जन्मभर पगार माझ्या हातात आणून दिला आणि वीट तेवढी माझ्यापासून लपवली, हे मनाला लागलं हो. म्हणून खरवडू दिलं.

तुम्ही किती वर्षं बोलावताय, तुमचा भाऊ काही हलत नव्हता. आता धावत येईल. दोन दिवस ठेवून घ्या, पोटभर गप्पा मारा, मग खरं सांगा. आणि एवढं विचारा, बायकोपासून काय लपवायचं होतं? उत्तर बरं निघालं, तर फ्रिज पुन्हा डुगडुगला तरी चालेल मला.