आधी कोणाला? मंदेला की मला

सोम., ३ फेब्रु., धायरी
नडगीवरची जखम अजून ओलीच. जिन्यात खरचटल्याचं निमित्त. आता कडा उचलल्यात, मध्ये राखाडी साय. मंदाक्रान्तेच्या कानावरही तसंच, मारामारीतलं. (आमची मांजर. गॅलरीत पहिल्यांदा आली ती आधी चार पावलं जड, मग भरभर. शाळेत सर टेबलावर बोटं आपटून म्हणायचे, तस्संच वृत्त! नाव ठेवून टाकलं.) एकाच वाटीतलं हळद-तेल दोघांना लावतो. त्याच बोटाने. ओळी गुणगुणत.

गुरु., ६
सूनबाई, वृंदा, बळेच दवाखान्यात घेऊन गेली. जखमेतलं तपासायला पाठवलं. डॉ.: "घरात जनावर आहे?" मंदेला जनावर म्हणवेना. वृंदा बोलली.

बुध., १२
रिपोर्ट आला. घटसर्पाच्या जंतूचा भाऊबंद, मुक्काम कातडीत. मांजरं, कुत्री, गाईम्हशी, कोणाकडूनही येतो म्हणे. मला गोळ्या. घरात सगळ्यांचे घसे तपासले. नात इरा रडून लालबुंद. वृंदा माझ्याकडे न बघता, "त्या वाटीत तिनेही बोट घातलं असेल, बाबा."
घातलं होतं का? आठवत नाही.
मंदा दिवसभर शेजारच्या किसनरावांच्या गोठ्यात असते, म्हणून त्यांना विचारलं. भडकले. "आमच्या म्हशींना काय बी झालं नाय, आजोबा. दूध पिताना ग्वाड लागतंय, आन् आता म्हशी वंगाळ व्हय?"

शनि., १५
इराचा घसा स्वच्छ! देवापुढे साखर ठेवली.
मंदेच्या कानात मात्र तोच जंतू. पशुवैद्यांनी उपचारासाठी ठेवून घेतली. म्हणाले, "तिच्याकडून तुम्हाला की तुमच्याकडून तिला, ते आता सांगता यायचं नाही."
तिची मारामारी आधी की माझा जिना? जिना बहुतेक... नाही, तेव्हा तिच्या कानाला तेल लावलेलं होतं. की ते नंतर?
वृंदा म्हणते, मंदा आता घरात नको. पण मीच दिलं असेल तर तिला घराबाहेर का काढायचं?

सोम., १० मार्च
माझी पट्टी सुटली. मंदाही स्वच्छ, घेऊन जा म्हणतात.
वृंदा चप्पल घालून दारात. "पुन्हा होणार नाही, असं लिहून देतील का ते? आणायची तर आणते, बाबा. पण इराकडे बघून तुम्हीच सांगा."
हो म्हणणार होतो. तेवढ्यात इरा धावत येऊन पायाला बिलगली. मी पाय मागे घेतला.
का घेतला? जखम तर भरलीय.
वृंदा अजून उभीच आहे.