शांत होतास, मग असं कसं?

प्रिय भाऊ,

काल जळगावला डॉक्टरांकडे जाऊन आलो. छातीत जळजळत होतं. त्यांनी फिरत्या पट्ट्यावर पळवलं, सगळं तपासलं आणि म्हणाले, हृदय उत्तम आहे, पित्त झालंय. बाहेर येऊन पायऱ्यांवरच बसलो. आनंद व्हायला हवा होता ना? आठवलास तू. म्हणून लिहितोय.

शाळेत मुख्याध्यापकांशी, घरी बायकोशी, पारोळ्याच्या स्टँडवर कंडक्टरशी भांडणारा मी. आई म्हणायची, "मोठा गाय शे, धाकला मारका गोऱ्हा." "संताप तुला एक दिवस नेईल," असं मला सगळ्यांनी बजावलं. आणि गेलास तू. हे कसं?

चटईच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम तुझ्याकडे. ट्रक उशिरा आला, ड्रायव्हर पळाला, तरी मालक तुझ्यावरच घसरायचे. त्या दिवशीही दुसऱ्याच्या चुकीसाठी सगळ्यांसमोर बोलले. तू "बरं साहेब" म्हणालास, राहिलेला ट्रक भरून घेतलास आणि खुर्चीत बसलास, तो उठलाच नाहीस.

तेराव्याला वहिनींनी सांगितलं, तू झोपेत दात खायचास. इतके, की त्यांना जाग यायची. सकाळी विचारलं तर हसून चहा मागायचास. मग तो शांतपणा खरा होता की नव्हता? निदान माझ्यावर तरी ओरडायचं होतंस रे.

काल डॉक्टरांना तुझी सगळी हकीकत सांगून हेच विचारलं. म्हणाले, स्वभाव हे एक कारण असेल, एकमेव नाही. तुमच्या भावाला साखर होती, बिडी होती, वडीलही असेच गेले. आणि रागावणं म्हणजे काही औषध नव्हे. पण वडील तर माझेही तेच, मग मी कसा राहिलो? "ते मला नाही सांगता येणार," म्हणाले. आता मी काय समजायचं?

तुझी स्वाती धुळ्याला नोकरीला लागली. परवा फोनवर सांगत होती, साहेब तिघांचं काम एकटीवर टाकतात. सांगताना हसत होती, थेट तुझ्यासारखी. मला त्या हसण्याची भीती वाटली.

"रविवारी येतो," म्हटलं.

"कशाला काका?"

"तू माझ्यावर ओरडावंस म्हणून."

ती रडायला लागली.

भाऊ, मला उत्तर सापडेल की नाही, माहीत नाही. पण पोरीला एकटीला सगळं मनात गिळू देणार नाही. ती बोलेल तेवढं ऐकेन, मध्ये आवाज न चढवता. हा माझा शब्द.

तुझा,
दिलीप