ताईला मानवेल असं शहर

सक्करदरा, नागपूर
४ मे २०२५

तीर्थस्वरूप सिंधूताईस,

उत्तराचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्रच बरं. परवा मी तीनदा "जेवलीस का" विचारलं आणि तिन्ही वेळा तू मला आंब्याचा भाव सांगितलास. समोरच्या अंजनाबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं आमच्याकडे भांडण लागलं.

तुझं कार्ड मिळालं. उमरेडची कोळशाची खाण वाढणार, तुमची वस्ती उठणार, हे आपण इतकी वर्षं ऐकत होतो, त्यामुळे ते खरं होईल असं वाटेनासं झालं होतं. मृगाच्या आत घर रिकामं करायचं म्हणजे हातात महिनाच उरला. तू लिहिलंस, "आता कोणत्या शहरात जाऊ ते तूच सांग. तू भूगोल शिकवला, तुले समजते." तर बाई, जन्मभर मुलांकडून नकाशे भरून घेतले, आज तुझा भरते.

पहिलं नाशिक. केशव आपला चुलतभाऊ असला तरी सख्ख्यासारखा आहे आणि त्याने स्वतःहून म्हटलं आहे, "ताईला माझ्याकडे पाठव." हवा थंड, पाणी गोड, देवळं तर इतकी की रोज एक पाहिलंस तरी वर्ष पुरणार नाही. अडचण एवढीच की घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंदच असते. केशवची बायको आठशिवाय उठत नाही, तू चारला उठून झाडू घेतेस. पण दोघी समजुतीच्या आहात, निभेल.

दुसरं पुणं. आमच्या रोहितच्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली भाड्याने आहे, असं तो परवा म्हणाला. तो तिथे आहेच, रात्री हाक मारलीस तर धावत खाली येईल. पुण्यात सगळं मिळतं. लोक दुपारी दार उघडत नाहीत म्हणतात, पण तुला दुपारी कुठे जायचं आहे? तुझ्या "मले-तुले"ला हसतील, तू त्यांच्या बोलण्याला हस.

अमरावतीचाही विचार केला. बोली आपली, अंबादेवी जवळ, भाजीपाला स्वस्त. पण तिथे आपलं माणूस एकही नाही. एकटीने आजारी पडायचं असेल तर अमरावती उत्तम.

राहिलं नागपूर. खरं सांगू का ताई, नागपूर आता राहण्यासारखं उरलं नाही. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटते. कूलर रात्रभर फिरतो आणि फक्त आवाज देतो. जिकडे तिकडे खोदून ठेवलं आहे, सदरला जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडतो. शेजारीपाजारी कोणी कोणाची चौकशी करत नाही. तुझ्या वयाला हे ऊन झेपायचं नाही. मी तर म्हणते, आम्हीच इथे काय म्हणून राहतो!

आणि आमच्या घराचं तुला ठाऊकच आहे. तू चैत्रात कुरडया घेऊन आलीस तेव्हा सांगितलं होतं, सासूबाईंची खोली रोहितसाठी ठेवली आहे. तो दसऱ्यापर्यंत कायमचा नागपूरला येतो आहे. नाहीतर तुला आणखी कुठे बघायची गरजच नव्हती.

तेव्हा सगळा विचार करता माझं मत नाशिकला. केशवला मी कळवते. तू मनाला लावून घेऊ नकोस, नवीन शहराची सवय दोन महिन्यांत होते.

उन्हात फिरू नकोस. ताक पीत जा. यांचा नमस्कार.

तुझी धाकटी,
उत्तरा


सक्करदरा, नागपूर
२० मे २०२५

ताई,

नमस्कार. हे पत्र तू चष्मा लावून स्वतः वाच. शेजारच्या प्रीतीकडून वाचून घेऊ नकोस. तिच्याबद्दल काही नाही, पोरगी चांगली आहे. मलाच ते तिच्या आवाजात तुझ्यापर्यंत जायला नको आहे.

गादी पोचली.

शुक्रवारी सकाळी प्रीतीचा नवरा वांग्यांचा टेम्पो घेऊन थेट आमच्या दारात उभा राहिला. मी म्हटलं, अरे रोशन, बाजार तिकडे राहिला. तर त्याने टेम्पोतून तुझी गादी काढली, खांद्यावर टाकली आणि विचारलं, "काकू, खोली कोनती?" नवी खोळ, कापूस ताजा पिंजलेला, हात ठेवला तर आत जाईल इतकी मऊ. मी विचारलं, ही ताईची स्वतःची ना? तर म्हणाला, "हो ना. आता आजी चटईवर झोपून राहिली. मी म्हटलं काहून देता, तर म्हने, नाशकाले गादी का पाठीवर घेऊन जाऊ?"

हे बाजूलाच पेपर वाचत बसले होते. मी घाईघाईने म्हटलं, रोहितसाठी पाठवली असेल. यांनी पेपर खाली ठेवला. "रोहितसाठी? रोहित कुठं येऊन राहिला?"

आणि रोशन, ज्याला यातलं काहीच माहीत नाही, तो म्हणाला, "नाही नाही. आजीनं पक्कं सांगितलं मले. रोहितदादा येवो नाही तर न येवो, गादी उत्तराच्या खोलीत टाकजो. ते तिथं दुपारी सतरंजीवर बसते, कंबर धरते तिची."

ताई, तू त्या दिवशी उंबऱ्यावर जेमतेम दोन मिनिटं उभी होतीस. तेवढ्यात तुला सतरंजी दिसली, तिच्यावरचा माझा चष्मा दिसला. संध्याकाळच्या बसने निघून गेलीस आणि घरी जाऊन कार्ड टाकलंस की आता शहर तूच सांग. मी मात्र नकाशा घेऊन बसले.

रोशन चहा पिऊन गेला. जाता जाता सांगून गेला की केशव सत्तावीस तारखेला तुला न्यायला येतो आहे. मग यांनी विचारलं, ताईंना काय लिहिलं होतंस. मी सांगितलं. उन्हाचं ऐकून हे आधी हसले. "उमरेडच्या बाईले नागपूरचं ऊन झेपत नाही? तू भूगोलाची मास्तरीण ना वं? उमरेडले का बर्फ पडते?" मग हसायचे थांबले. म्हणाले, "संक्रांतीपासून मी म्हणून राहिलो, ताईले इथंच आण. तू म्हने, ताईच नाही म्हनते." तेव्हापासून हे माझ्याशी नेहमीसारखं बोलतात, चहा मागतात, कूलरमध्ये पाणी भरतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

तर हेही तुला माहीत असू दे. मी तुला सांगितलं, रोहित येतो आहे. यांना सांगितलं, ताई यायला तयार नाही. दोघांनाही खोटं. रोहितने पुण्यात घर घेतलं, तो कशाला येतो? आणि त्याच पत्रात मी तुला लिहिलं की पुण्यात रोहित आहेच! खोटं बोलायला डोकं लागतं, ते देवाने मला दिलं नाही. तू लहानपणी म्हणायचीस, "खोटं बोलतानी उत्तरीचा आवाज चढते." कागदावरही चढतो म्हणायचा.

आता का, ते लिहिते. लिहायची लाज वाटते.

सासूबाई किती वर्षं अंथरुणावर होत्या ते तू पाहिलं आहेस. माझी शाळा सुटायची आणि दुसरी शाळा भरायची. मी त्यांचं सगळं केलं, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पण "उत्तराऽ" अशी हाक इतक्या वेळा ऐकली की कार्तिकात त्या गेल्यानंतरही भांडी घासताना मी मधेच हात पुसून उठायची. मग खाट हलवली, खोली धुतली, आणि एका दुपारी मी आत जाऊन दार लावून घेतलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा आपल्या हाताने आपल्यासाठी दार लावलं, ताई. मी तिथे काही करत नाही. जप नाही, वाचन नाही. भिंतीला टेकून बसते. कोणी हाक मारत नाही, एवढंच सुख.

आणि चैत्रात तू तिथे उभी राहिलीस, गुडघ्यावर हात ठेवून म्हणालीस, "बाई, किती छान हवा येते वं इथं!" मला तुझे गुडघे दिसले. ऐकू न येणारे कान दिसले. मला पुढची दहा वर्षं दिसली, आणि मी घाबरले. तू काही मागितलं नव्हतंस. त्याच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, ही रोहितची खोली.

मी वाईट नाही असं तू म्हणशील. म्हणू नकोस. कारण एक गोष्ट मी या पत्रात लिहायची नाही असं ठरवून बसले होते. तुझ्या घरी मी दोन वर्षं शिकायला होते, तेव्हा तुझ्या घरात खोल्या किती होत्या? एक, आणि स्वयंपाकघर. खोली तू मला दिलीस. टेबलफॅनही दिलास. तू आणि देवरावभाऊजी चुलीजवळ झोपायचात, भाऊजींचे पाय दाराबाहेर यायचे आणि मी सकाळी ते ओलांडून नळावर जायची. बारावीला भूगोलात पहिली आले, तालुक्याच्या ठिकाणी सत्कार झाला, ते त्या पंख्यासमोर बसून. भाऊजी नवे होते, तुमचं लग्न नवं होतं, हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं. तेव्हा तू मला कोणत्या गावची हवा चांगली ते सांगत बसली नाहीस.

भाऊजी गेले, आता ती खोलीही खाणीत जाणार आहे.

ताई, मी रविवारी येते. बसने येते, ती उमरेडची बस आमच्या कोपऱ्यावरूनच तर जाते, हेसुद्धा मी नागपूरच्या गुणांमध्ये लिहिलं नव्हतं. आपल्यात मुराळी न्यायला आल्याशिवाय बाई मुक्कामाला निघत नाही. दादा होता तोवर दर दिवाळीला तो तुझ्या दारात जायचा आणि तू पिशवी भरून तयार असायचीस. तो गेल्यानंतर तुला आणायला कोणी गेलं नाही. मी फोनवर "ये ना गं" म्हणायचे आणि तू "येते येते" म्हणायचीस, आणि आली नाहीस की मी सुटकेने यांना सांगायची, बघा, बोलावलं तरी येत नाही. नुसत्या फोनच्या बोलावण्याला तू येणार नाहीस हे मला चांगलं माहीत होतं. बहिणीने मुराळी होऊन जायचं की नाही, मला माहीत नाही. लोक हसले तर हसू देत.

केशवला मी कालच फोन केला, मी कळवेपर्यंत थांब म्हणून. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." सगळ्यांनाच सगळं वाटलं होतं, असं दिसतं.

गादी खोलीत घातली आहे. दोन दिवस मी तिच्याकडे नुसती बघत होते. काल दुपारी तिच्यावर आडवी झाले, तुझ्या घरचा वास आला, आणि मी रडले. पण एक सांगते, त्यानंतर झोप फार छान लागली. जाग आल्यावर पहिला विचार मनात आला तो हाच, की आता हेही जाणार. मी अजून अशीच आहे. खोली द्यायला निघाले म्हणून एका रात्रीत मोठ्या मनाची झाले असं समजू नकोस. तू आलीस की एखाद्या दुपारी मी चिडेन. दार आपटेन. तेव्हा तुझ्या पद्धतीने चार शब्द सुनाव. आणि कधी दुपारी मी तुझ्या गादीच्या कडेला भिंतीला टेकून बसले, तर तासभर माझ्याशी बोलू नकोस. एवढं मागते.

आता शेवटचं. मी तुला ओळखते. रविवारी मी दारात उभी राहीन आणि तू माझ्या तोंडाकडे बघशील, आणि म्हणशील, "राहू दे वं, मले नाशिकच बरं." गोड हसून म्हणशील. आणि मला माहीत आहे, ते ऐकून माझा जीव हलका होईल. पिशवी न घेता बसमध्ये बसेन, घरी येईन, दार लावून घेईन.

म्हणून तुझ्या पाया पडते ताई, माझ्यावर दया करून नाही म्हणू नकोस. तुला खरोखर यायचं नसेल, माझा राग आला असेल, तर तसं तोंडावर बोल, शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण माझी खोली वाचावी म्हणून नाही म्हणू नकोस. एकदा दिलीस तेवढी पुरे.

पिशवी भरून ठेव. चटई तिथेच राहू दे.

तुझी मुराळी,
उत्तरा