काच हातात असताना

प्रिय भाऊजी,

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोन तुम्ही बहुधा उचलत नाही, आणि उचललात तरी 'बोला वहिनी' म्हणून गप्प होता. मग मीच उन्हापावसाचं काहीतरी बोलते आणि ठेवून देते. कागदाचं तसं नाही. पलीकडचा गप्प असला तरी आपलं वाक्य पुरं होतं. ह्यांना सांगितलेलं नाही. तुमचे दादा आतल्या खोलीत झोपलेत. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर इथपर्यंत येते. ती येते आहे तोवर मला लिहायला हरकत नाही.

आधी तब्येतीचं, कारण तुम्ही तेच शोधाल. फुफ्फुसं साथ देत नाहीत. डॉक्टरांनी आयुष्यभर काय काम केलं ते विचारलं. मी सांगितलं, काचा कापणं, कडा घासणं, आरसे बसवणं. घासताना तोंडाला काही बांधायचे का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. खरं तुम्हाला माहीत आहे. रुमाल गळ्यात असायचा, तोंडावर कधी आला नाही, कारण तोंड बोलायला मोकळं लागायचं. डॉक्टर दिवस सांगत नाहीत. बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसून एवढंच म्हणाले की कुणाला बोलवायचं असेल तर फार लांबवू नका. घरी येताना मी विचार करत होते, कुणाला म्हणजे कुणाला. तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवलंच नाही.

दुकान गेल्या हिवाळ्यात बंद केलं. उभे ठेवलेले आरसे, पट्ट्या, कटर, सगळं एका दुकानदाराने नेलं. कापायचं टेबल राहिलं. मामंजींनी ते खोलीतच जोडलं आणि दार त्याहून लहान आहे हे त्यांच्या नंतर लक्षात आलं, असं तुम्हीच मला सांगून हसवलं होतं. घेणारा म्हणाला, पाय कापले की निघेल. हे म्हणाले, कुणाचेही पाय कापायचे नाहीत. त्यामुळे रिकाम्या खोलीत ते एकटंच उभं आहे आणि मी त्यावर चादरी वाळत घालते.

मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होता आणि चहाच्या वेळी मोठ्या भावाशी भांडायला शिकला होता. पहिले काही दिवस मला भीती वाटायची. देव आहे की नाही, सरकार चोर आहे की नुसतं आळशी, कोणाचे पूर्वज कुठून आले आणि आले तर काय बिघडलं. कप हातात धरून तुम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर जायचा. हे म्हणायचे, अर्धं पुस्तक वाचून अख्खा वाद घालतोस. तुम्ही म्हणायचा, दादा, तू तर पावही वाचत नाहीस. काचा न्यायला आलेली गिऱ्हाइकं काम विसरून एकेका बाजूला उभी राहायची. मामंजींचा नियम एकच होता. भांडा लेको, पण काच खाली ठेवून. कुणाचाही मुद्दा कितीही पुढे गेलेला असो, काच उचलायची वेळ आली की तोंडात दुसरे शब्द यायचे. पुढचा म्हणणार 'उचल', मागचा म्हणणार 'आहे'. 'पायरी', 'आहे'. 'वळण', 'आहे'. मागच्याची मान काचेला टेकून वाकडी झालेली असते, त्याला पायाखालचं दिसत नाही, पुढच्याचा आवाज हेच त्याचे डोळे, हे मला मामंजींनी समजावलं होतं. तुमचं ते बोलणं ऐकलं की मी निर्धास्त व्हायचे. एवढी भांडणारी माणसं एकमेकांवर इतका भार टाकतात, म्हणजे घर बरं आहे असं वाटायचं.

फोन तुम्हीच ह्यांना घेऊन दिलात. शहराच्या त्या फोनवरच्या गटात तुम्हीच त्यांना घातलंत, दादा, इथे तुला हवी तेवढी माणसं भांडायला मिळतील, असं म्हणून. मिळाली. सुरुवातीला किती गंमत होती. खरी नावं ह्यांच्या लक्षात राहायची नाहीत, मग त्यांनी नावं ठेवली. एक होता 'मास्तर', तो सगळ्यांच्या चुका काढायचा. एकाच्या फोटोत सूर्यफूल, म्हणून तो सूर्यफूल. बाई की बाप्या हे कधी कळलं नाही. ऐक, आज सूर्यफुलाने काय अक्कल पाजळलीय, असं म्हणून मला स्वयंपाकघरात वाचून दाखवायचे. एकदा सूर्यफूल पंधरवडाभर दिसलं नाही तर ह्यांना काळजी लागली. आजारी असेल, म्हणाले. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्या तब्येतीची चौकशी कुणाकडे करणार? मी म्हटलं, माझ्याशी भांडा. तर म्हणाले, तुझं लगेच पटतं, त्यात काय मजा?

मग मजा गेली. नेमकी कधी ते सांगता येत नाही. जेवता जेवता उठू लागले. एका बोटाने लिहायचे, आणि लिहिताना ओठ हलायचे, जसे काही तो माणूस समोर भिंतीतच बसलाय. तिथले शब्द घरात येऊ लागले. 'ते लोक', 'ह्यांची जात', 'एकदा दाखवून द्यायला पाहिजे'. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे ते लग्नाआधीपासून जात होते. त्याचा धर्म कोणता हे त्यांना तेव्हाही माहीत होतं, पण आता ते नव्याने कळल्यासारखे वागले आणि लांबच्या दुकानातून चष्मा करून आणला. नंबर चुकलेला होता. डोकं दुखायचं, तरी तोच घालायचे. मी म्हटलं तर म्हणाले, सवय होईल.

तुम्ही दुसऱ्या बाजूला होता. दुकानातल्या फळ्यांच्या मागे उभे राहून जेवायच्या सुट्टीत तुम्ही लिहायचा, आणि हे टेबलाशी उभे राहून. एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून, तुम्ही दोघं परक्या माणसांशी भांडत होता. चहाच्या वेळी कपांचा आवाज तेवढा यायचा. बोलायचं ते तिकडे बोलून झालेलं असायचं. मी दोघांचे कप उचलायचे. तेव्हाही मला तुमचं म्हणणं जास्त पटत होतं, आजही पटतं. हे मी ह्यांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही नाही. कुणीतरी कप उचलायला मधलं हवं होतं.

त्या सलूनच्या आरशाचं मी पुन्हा उकरून काढत नाही. पण त्या आधीचा आठवडा तुमच्या डोळ्यांपुढे आणा. हे तुमच्याशी बोलायचे थांबले होते. कामापुरतंही नाही. तरी दोघं मिळून काचा उचलत होता, श्वासाच्या अंदाजावर. तुम्ही 'आहे' म्हणायचा, न विचारलेल्या प्रश्नाला. इतक्या वर्षांच्या सवयीने ते चाललं, आणि मलाही वाटलं की चालेल. मामंजींनी भांडणासाठी नियम केला होता. गप्प बसण्यासाठी त्यांनी काही केला नव्हता, त्यांच्या डोक्यात तसं आलंच नसणार. सलूनच्या जिन्यात वळण आलं, ह्यांनी ते सांगितलं नाही, आणि आरसा भिंतीला आपटून तुमच्या हातावर फुटला. मी नंतर एकदाच विचारलं. म्हणाले, ओठावर होतं.

तुमचा हात बांधून झाल्यावर हॉस्पिटलात तुम्ही त्यांना विचारलंत, दादा, राजकारण एवढं मोठं झालं का रे? ते उठून बाहेर गेले. तुम्हाला वाटलं, उत्तर नाही म्हणून गेले. मलाही तसंच वाटलं. मग तुम्ही गाव सोडलंत. गोदामाच्या फाटकावर नोकरी धरलीत. ती दोन बोटं अजून मिटत नाहीत का, थंडीत दुखतात का, हे मी दर वेळी फोनवर विचारायचं ठरवते आणि उन्हापावसाचं बोलते.

तुम्ही गेल्यानंतरचं एक तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही तिकडे बघणं सोडलंत असं ऐकलं. मास्तर ह्यांच्याच बाजूचा, रोज पाठ थोपटणारा. त्याने तुमचं नाव घेऊन लिहिलं की ह्याने त्या लोकांकडून पैसे खाल्ले. हे सकाळपासून ते वाचत बसले होते. चहा निवला. मग एका बोटाने लिहिलं, तो माझा धाकटा भाऊ आहे, हट्टी आहे, विकला जाणारा नाही. बस, एवढंच. मग जे काही सुरू झालं ते मी वाचलं नाही. फितूर म्हणाले, घरभेदी म्हणाले, वयाचा मान कुणी ठेवला नाही. ज्यांच्यासाठी जेवणावरून उठायचे ती सगळी माणसं एका दुपारी गेली. त्यानंतर त्यांनी तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही. चष्मेवाला मात्र येतो. आजारपण कळल्यावर स्वतःच आला, पलंगाशी बसून डोळे तपासले, नवा चष्मा करून दिला. मधल्या काळाबद्दल तो बोलत नाही, हेही बोलत नाहीत. म्हणजे ह्यांना परत येता येतं, भाऊजी. मला ते दिसलं म्हणून सांगते.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. हल्ली ह्यांचा हात थरथरतो, म्हणून फोन मी धरते. एक दिवस म्हणाले, ते जुनं काढ. मोकळ्या मैदानावर प्रार्थनेची इमारत बांधू द्यावी की नाही, त्यावरचा तो वाद. ह्यांनी लांबलचक लिहिलेलं होतं, मला तेव्हा वाचूनही दाखवलं होतं. त्याखाली सूर्यफुलाचं उत्तर होतं. 'आजोबा, तुम्ही काचा पुसा, देशाचं आम्ही बघतो.' त्याच्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. ह्यांनी त्यावर बोट ठेवलं, हसणाऱ्यांची नावं उघडली, आणि बोट खाली नेत नेत एका नावाशी थांबवलं. शेजारच्या फोटोत तुम्ही दुकानाच्या दारात उभे आहात. तो फोटो मी काढलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, ते जुनं काढ. मी तारीख बघितली. आरशाच्या आधीचा तो आठवडा. भाऊजी, राजकारण नव्हतं ते. काचा पुसण्याचा टोमणा तुम्हालाही तेवढाच लागू होता, आणि जाता जाता तुमचा अंगठा पडला असेल, तुम्हाला आठवणारही नाही. पण 'माझा भाऊ मला हसला' हे वाक्य ह्या माणसाला कुणापुढे म्हणता आलं नाही, तुमच्यापुढे तर नाहीच. मी फोनवाल्याकडे गेले, म्हटलं एवढं पुसून द्या. तो म्हणाला, बाई, ज्याने लावलंय त्यालाच काढता येतं. म्हणून हे पत्र. तुम्ही या असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माफी नको, फोन नको, ते काढल्याचा निरोपही कुणाला जात नाही असं फोनवाला म्हणाला. फक्त ते तुमचं हसरं तोंड शोधा आणि काढा. हे रोज चहा झाल्यावर बघतात. नावं वरून खालपर्यंत वाचतील, तुमचं सापडणार नाही, मग चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचतील. मी फोन धरून ठेवीन. फक्त लवकर करा.

कुणाच्याच बाजूची नसलेली,
तुमचीच
वहिनी