शरणबसप्पांच्या कपाटाचा भाव

मुरुम, ९ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप नागूअक्कास,
धाकट्या रेवणप्पाचा शि. सा. न. व शरणु शरणार्थी.

तुमचा देव्हारा, दाजींचा दिवाण, शिवलीलेचं अभ्यासाचं टेबल, मठातली प्रवचनाची बैठक आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या चौकटी, हे सगळं या दोन हातांनी केलं. उस्ताद कुणी नव्हता. लाकूड बिघडवत शिकलो. भाव सांगताना जीभ कधी अडली नाही. आज अडलीय. फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन स्पीकरवर आणि दाजी शेजारी. म्हणून कलीमच्या टेम्पोतून हे पत्र.

आपल्या शिवलीलेला बघून गेलेले शरणबसप्पा, समर्थचे वडील, यांनी अजून होकार कळवला नाही. पण सागवानी कपाट आणि सहा खुर्च्या माझ्याकडं पॉलिशला पाठवल्यात. कुण्या शहाण्यानं त्या सागावर चॉकलेटी ऑइलपेंट फासलाय. तो खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग मलमलीच्या बोळ्यानं लाखेचं पॉलिश, हातावर हात, प्रत्येक हात वाळवून. गिऱ्हाइकाला याचे साडेचौदा हजार सांगतो. त्यांच्यापुढं पैशाचं काढलं तर म्हणाले, आता आपल्यात कसला भाव. अक्का, हा होकार की फुकटचं काम? पुरता भाव सांगावा तर परकेपणा, काहीच न घ्यावं तर सोयरीक आपणच गळ्यात मारतोय असं दिसतं. काय करू?

माया कमी करू नका.
तुमचा रेवण

अणदूर, १२ फेब्रुवारी

चि. रेवणास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींनीच आधी फोडलं, तेव्हा स्पीकरचा टोमणा बरोबर पोचला. ते म्हणतात, एक रुपया घेऊ नको. सासूबाई म्हणतात, निम्मे घे. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. पोरगी तुळजापूरच्या लॅबमधून दमून येते, विचारलं की नुसती हसते. समर्थ तिला आवडलाय, एवढं मला कळतं. तेव्हा बाबा, तुझा ताठा जरा गुंडाळून ठेव. दुसऱ्याच्या घरी दाराची बिजागरी करकरली तरी तेल घालायला भरल्या ताटावरून उठणारा तू! निम्मं सांग आणि गप्प बस.

खोकला कसाय? वेळेवर जेवत जा, बहिणीला विसरू नको.
तुझी अक्का

मुरुम, १७ फेब्रुवारी

तीर्थरूप अक्कास सा. न.

निम्मं सांगितलं आणि लई घोटाळा झाला. समर्थच्या आई इरम्माबाई सकाळीच दुकानात हजर. भाव निम्मा का? काम निम्मं करणार, की पोरीत काही कमी आहे, म्हणून विचारायला लागल्या. मी गडबडून पुरते साडेचौदा म्हणालो. संध्याकाळी शरणबसप्पांचा निरोप, एवढ्यात परकं केलंत व्हय? अक्का, लाकडावर कसलाही रंग असो, नखानं टोकरलं की आतलं कळतं मला. ही माणसं कुठून टोकरायची? कपाट अर्धं खरवडून ठेवलंय. हात चालत नाही.

दाजींना नमस्कार, लोभ राहू द्या.
रेवण

अणदूर, १९ फेब्रुवारी

ती. मामांस शिवलीलेचा नमस्कार.

आईला न विचारता लिहितेय. कपाटाचे पैसे पूर्ण घ्या. तुम्ही सगळ्यांनी एकमेकांना विचारलं, मला कुणीच नाही. आणि नांदायला मी जाणार. समर्थ मला आवडतो. पण ज्या घरात कामाचे पैसे मागितले की माणूस परका ठरतो, तिथं उद्या माझा पगार माझा आहे, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? त्यापायी जमलं नाही तर न जमो. रडेन थोडे दिवस.

आणि मामा, पॉलिश करताना तोंडाला रुमाल बांधत जा. लॅबमध्ये आम्ही बांधतो. तुमच्याइतके बहाद्दर नाही.

तुमच्या लोभावरच मोठी झाले, तो असाच असू द्या.
तुमची शिवा

मुरुम, २ मार्च

तीर्थरूप अक्कास शि. सा. न.

काम झालं. सागाच्या रेघा अशा उघडल्यात की बघत राहावं. कपाटाची पाठ भिंतीला लागणार, तीही केली. कुणी बघणार न्हाय, मी बघितली.

शरणबसप्पा आले, खुर्चीवर हात फिरवला. मी पुरते पैसे सांगितले. थोडं बोलणं झालं आणि ते उठून गेले. मग तिकडून काहीच नाही. वाटलं, पोरीचं सोनं माझ्या हातानं मातीत गेलं. काल समर्थ एकटाच टेम्पो घेऊन आला. पुरते पैसे दिले, पावती मागून घेतली. वडिलांनी दिले की पदरचे, विचारायचा धीर झाला नाही. कपाटाला दोरी आवळताना म्हणाला, शिवलीलेला सांगा, पावती मी जपून ठेवतोय. या दोघांचं काय बोलणं झालंय देव जाणे. याला होकार म्हणतात का, अक्का? मला काही उमगत नाही.

रागावलात तरी माया असू द्या.
तुमचा रेवण

ता. क. हे दाजींना वाचून दाखवू नका, शिवाला दाखवा. त्या दिवशी शरणबसप्पा म्हणाले होते, बिल सोडा, कपाट-खुर्च्या मुलीकडून आल्या असं धरू, सोमवारीच साखरपुडा उरकू, आणि आमच्या नव्या मंगल कार्यालयाचं सगळं लाकूडकाम तुम्हालाच. मी नको म्हणालो. काम दोन लाख दहा हजारांचं होतं.